पुन्हा आलेला चार

लॅबच्या डॉक्टरांनी तिला आत बोलावून दार लोटून घेतलं.

"तुमची नणंद आकडे बदलते असं वाटतंय," ते म्हणाले. "पेशंटचं पोटॅशियम आधी चार आलं, फेरतपासणीत सहा, म्हणजे धोक्याचं. रिपोर्टवर मात्र पुन्हा चार. तिसरी वेळ आहे ही, आणि तिन्ही वेळा ड्युटी तिचीच."

लॅबचं सॉफ्टवेअर वहिनीनं स्वतः लिहिलेलं. त्यात खोट असेल असं तिच्या मनातही आलं नाही. नणंदेबद्दल मात्र लगेच आलं. सारखी घाईत असते, चूक झाकत असेल. तिनं गुपचूप प्रोग्राममध्ये नोंद ठेवायची सोय केली. फाइलमध्ये कोण, कधी, काय लिहितं ते सगळं कळणार होतं. मग नमुने घ्यायच्या खोलीत खुर्ची टाकून ती दोन दिवस बसली.

"वहिनी, तुला काम नाही का गं?" नणंदेनं विचारलं.

"चाललंय की," ती नजर चुकवत म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनवरचा आकडा तिच्या डोळ्यांदेखत सहाचा चार झाला. तेव्हा नणंद समोरच, हातमोजे घालून एका आजोबांचं रक्त घेत होती. कीबोर्डला कुणाचाच हात लागला नव्हता.

तिनं नोंदी उघडल्या. नणंदेनं मघाशी 'पुन्हा तपासा' असा शेरा लिहिला होता; असे शेरे लिहिणारी तीच एकटी. शेरा लगेच डिस्कवर जात नाही. कॉम्प्युटर फाइलचं ते पान मेमरीत धरून ठेवतो आणि थोड्या वेळानं अख्खं उतरवतो. तेवढ्यात तपासणीच्या मशीननं मेमरीला वळसा घालून थेट डिस्कवर सहा लिहिला. मग मेमरीतलं शिळं पान, जुन्या चारसकट, त्यावर येऊन बसलं. थेट लिहिण्याची ही वाट तिनंच गेल्या महिन्यात, वेग वाढवायला काढली होती.

तिनं क्रम बदलला. मशीन लिहिणार असेल तर आधी मेमरीतलं पान डिस्कवर उतरवायचं, तेवढा वेळ शेरे थांबवायचे, आणि लिहून झाल्यावर मेमरीतली प्रत फेकून द्यायची. दोनशेदा चालवून पाहिलं. सहा सहाच राहिला.

डॉक्टरांना सांगणं सोपं गेलं. नणंदेला सांगणं तितकं सोपं नव्हतं.

"म्हणजे तू माझ्यावर पाळत ठेवत होतीस?"

"हो."

"विचारलं असतंस तर सांगितलं नसतं का मी?"

नणंदेनं आधीच्या तिन्ही पेशंटना स्वतः फोन लावले, पुन्हा बोलावून घेतलं. संध्याकाळी ती वहिनीसाठी न थांबता एकटीच घरी गेली.