वजन आठशे साठ ग्रॅम, जागा मागची

मित्रांनो, जुन्या वस्तू आधी आपले वय सांगतात. मी आधी वजन सांगतो. आठशे साठ ग्रॅम. मी सव्वीस इंची सायकलचा टायर आहे. आता झिजून पंचवीस-तीस ग्रॅम कमी भरेन, पण माझ्या आयुष्यात जे काही घडले ते त्या आठशे साठमुळेच.

टायर म्हणजे नुसते रबर, असे तुम्हाला वाटत असेल. तसे नाही. माझ्या पोटात नायलॉनच्या धाग्यांचे थर आहेत. हे धागे कापडासारखे विणलेले नसतात. ते तिरके, एकमेकांशेजारी निजवलेले असतात आणि वरचा थर उलट दिशेने तिरका. त्यांवर रबर चढवतात, कडांना पोलादी तार घालतात आणि सगळे गरम साच्यात दाबतात. त्याच साच्यातून माझ्यामागोमाग माझा जुळा भाऊ निघाला. 2005 साली आम्ही दोघे पडघ्याच्या बाजारात, महादूच्या सायकल दुकानाबाहेर दोरीला लटकलो. समोरून नाशिकचे ट्रक जात. त्यांचे टायर पाहून मला वाटायचे, आपण किती हलके!

तिथून आम्हाला भाविकाने नेले. ती जवळच्या दिघाशी गावची. भिवंडीजवळ पूर्णा गावातल्या एका गोदामात आलेला माल मोजून घेण्याचे काम करायची. रविवारी गोदाम बंद असे आणि मालकाच्या परवानगीने ती तिथल्या रिकाम्या अंगणात स्ट्रीट ट्रायल्सचा सराव करी. म्हणजे पाय जमिनीला न लावता सायकलसकट उड्या मारायच्या. कट्टे, पायऱ्या, भिंती चढायच्या आणि उतरायच्या. कट्टा हवा तेवढा उंच करायला तिच्याकडे माल ठेवायच्या लाकडी पॅलेट होत्या. एक पॅलेट साडेचौदा सेंटिमीटर. एकावर एक रचल्या की झाला कट्टा.

माझा भाऊ पुढच्या चाकावर आणि मी मागच्या. उडी मारताना सायकल आणि भाविका दोघी माझ्यावर तोलून उभ्या असत आणि उतरताना माझ्यावरच आदळत. तीन वर्षे हे काम मी केले. माझ्या बाजूला, ज्याला दुकानात टायरचा गाल म्हणतात, तिथे एकही चीर पडली नाही.

"याला काय खायला घालतेस गं?" महादू मला दाबून विचारी. "बाकीची पोरं दोन महिन्यांत चिंध्या करून आणतात."

"हवा मोजून घालते, दादा. मागं पंपाचे चौतीस झटके, पुढं तीस. तुमच्यासारखी अंगठ्यानं नाही."

"माझ्या अंगठ्याला नावं ठेवू नको. त्याच्यावर दुकान चालतंय!"

2008 च्या उन्हाळ्यात ठाण्यात एक निवड चाचणी ठरली. गावोगावी सायकलची प्रात्यक्षिके करणारे पथक उभे राहणार होते. तीन जागा, एक रविवार आणि एकच अट: पाच पॅलेटचा कट्टा, तीन संधी. भाविका चार चढायची. पाचव्या पॅलेटला मी नुसता घासून खाली येत असे. चाचणीला तीन आठवडे उरले होते. सायकलचे वजन कमी केल्याशिवाय जमणार नाही, असे तिने ठरवले आणि मामाला घेऊन महादूच्या दुकानात गेली.

तिचे दौलतमामा भिवंडीत लूमवर निघालेले कापड तपासायचे. त्यांच्या खिशात कायम एक घडीची, भिंगाची काच असे. ती कापडावर ठेवून एका इंचात किती धागे बसलेत ते मोजतात. सूत तोलायचा छोटा तराजूही त्यांनी बरोबर आणला होता.

महादूने खोक्यातून रुमालासारखी घडी घातलेला एक टायर काढला. "मुंबईवरनं आलाय. कडेला तार न्हाय, म्हणून घडी होते. एकच हाय."

तराजूने सांगितले: चारशे ऐंशी. माझ्याहून तीनशे ऐंशी ग्रॅम कमी. सोबतची पातळ ट्यूब एकशे पाच. माझ्या पोटातली दोनशे दहा.

"हलका म्हणजे फाटणार," महादू म्हणाला.

मामांनी टायर उलटा करून आतल्या बाजूला काच ठेवली. ओठ हलवत मोजले. मग माझ्या आतही मोजले आणि हसले. "महादू, ह्या नव्याचे इंचाला साठ धागे हायेत. जुन्याचे सत्तावीस. सत्तावीस म्हणजे गोणपाट रे! भाविका, मार मागं पडतो ना? मग हा मागं घाल."

"मामा, तुम्ही टायर घेताय का शर्टाचं कापड?"

"कापडच म्हण. पस्तीस वर्षं कापडच बघतोय मी."

गोणपाट! मित्रांनो, रबरालाही राग येतो, पण मी काही बोलू शकत नव्हतो. भाविकाने मला काढले, नवा मागे घातला आणि मला गोदामाच्या खांबाला अडकवले. पुढच्या चाकावर माझा भाऊ तसाच राहिला.

खांबावरून मला सगळे दिसत होते. चाचणी जवळ आली म्हणून भाविका आता रोज सकाळी, गोदाम उघडण्याआधी सराव करी. पहिल्याच सकाळी, तिसऱ्या उडीला, ती पाच पॅलेट चढली. मामांनी टाळ्या वाजवल्या. खोटे कशाला सांगू, मलाही आनंद झाला आणि तेवढेच वाईटही वाटले.

सहाव्या उडीला मागचे चाक पॅलेटच्या काठावर आदळले आणि फुस्स झाले. ट्यूब काढली तर तिला शेजारी शेजारी दोन भोके, सापाच्या दातांसारखी. टायर दबला, ट्यूब लोखंडी रिम आणि काठ यांच्यात चिमटली. भाविकाने पंक्चर काढले आणि जास्त हवा भरली. सेहेचाळीस झटके. आता चाक चेंडूसारखे उसळू लागले, काठावर बसेचना. हवा कमी केली की पुन्हा दोन भोके. आठ दिवसांत ट्यूबवर सात ठिगळे झाली आणि शेवटी नव्या टायरच्या गालाला बोटभर चीर पडली. चाचणीला नऊ दिवस राहिले होते.

मामा आले. चिरेवर काच ठेवून बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग पायरीवर बसले.

"धागे मोजले मी," ते म्हणाले, "सूत बघितलंच न्हाय. बघ, केसासारखं बारीक हाय. म्हणून तर साठ बसले. कापड बघताना धागे किती आणि सूत केवढं, दोन्ही बघायचं असतं. लूमवर दुसऱ्या कुणी हे केलं असतं ना, तागा त्याच्या डोक्यावर देऊन परत पाठवला असता मी."

"मग तुम्हाला पाठवू का परत?"

"पाठव. पण आधी सुई दे."

त्यांनी ती चीर बारीक टाक्यांनी शिवली आणि आतून जाड कापडाचा तुकडा चिकटवला. तोवर भाविका आत जाऊन खडू घेऊन आली. मागे मार पडतो, हे सगळ्यांना माहीत होते. पुढे किती पडतो, हे कुणीच पाहिले नव्हते. तिने पॅलेटच्या काठाला जाड खडू फासला आणि मला तात्पुरता मागे चढवून दहा उड्या मारल्या. मग दोन्ही टायर पाहिले. मी पांढरा झालो होतो, चार बोटे रुंद, पार गालांपर्यंत. माझ्या भावाच्या मधोमध फक्त बोटभर पांढरी रेघ होती.

"मामा," ती हळूच म्हणाली, "हलका पुढं घातला तर?"

तिने जमिनीवर खडूनेच बेरीज लिहिली. हलका मागे आणि जड पुढे: तेराशे चाळीस. हलका पुढे आणि जड मागे: तेराशे चाळीस. ट्यूबचेही तसेच. वजन तेवढेच राहणार होते. फक्त जागा बदलायची होती.

माझ्या भावाला खांबावर जावे लागले. शिवलेला टायर पातळ ट्यूबसह पुढे गेला आणि मी जाड ट्यूबसह माझ्या जागी परतलो. पुढचे चाक आता चटकन उचलले जाई. पहिल्या दिवशी पाच पॅलेट चार प्रयत्नांत एकदा झाल्या. मग दोनदा. ट्यूब एकदाही फुटली नाही.

ठाण्याच्या मैदानावर मामा आणि महादू दोघेही आले होते. पहिल्या संधीला भाविकाचा पाय जमिनीला लागला. दुसऱ्या वेळी मी काठाला धरले आणि सुटलो. ती बाजूला आली, वाकली आणि माझा व्हॉल्व्ह दाबून थोडी हवा सोडली. महादू ओरडला, "अगं, काय करतेस? ट्यूब चिमटेल!"

"मागं जुना आहे, दादा. सोसेल," ती म्हणाली.

तिसरी उडी. पुढचे चाक हलकेच कट्ट्यावर टेकले. मग मी आलो. काठ माझ्या अंगात रुतला, इतका की रिमचे लोखंड मला आतून जाणवले. दोन्हींच्या मध्ये माझे सत्तावीस जाड धागे आणि दोनशे दहा ग्रॅमची ट्यूब एवढेच होते. मी दबलो, पण काठ सोडला नाही. भाविका वर उभी राहिली.

"पाय लागला नाही," परीक्षक म्हणाले. "घ्या नाव."

महादू धावत आला तो तिच्याकडे नाही, माझ्याकडे. अंगठ्याने दाबून पाहिले. "जिवंत हाय!"

दोन वर्षे मी पथकाबरोबर फिरलो. आता माझ्यावरची नक्षी गुळगुळीत झाली आहे आणि मी पूर्ण्याच्या त्याच खांबावर, भावाशेजारी आहे. भाविका रविवारी तिथे मुलामुलींना शिकवते. मित्रांनो, हवा मोजून भरा, चीर पडली की लगेच शिवा. आणि आमच्यातला एखादा निवडताना तो किती हलका आहे हे जरूर बघा, पण मार कुठे पडणार आहे हे त्याआधी बघा. जड निघाला म्हणून कुणाला टाकून देऊ नका. त्याची जागा शोधा.

मामांनी कापडाच्या ताग्याला बांधतात तशी एक चिठ्ठी मला बांधली आहे. नवे मूल आले की भाविका त्याला ती मोठ्याने वाचायला लावते:

वजन आठशे साठ. धागे सत्तावीस. सूत जाड. जागा मागची. माल पास.