थीटा शून्याकडे जाताना

"थीटा शून्याकडे चाललाय," सर म्हणाले. "म्हणजे वर शून्य, खाली शून्य. पण साइन थीटा भागिले थीटा, उत्तर येतं एक."

"काहीच नाही भागिले काहीच नाही, आणि हातात एक?" सरांच्या घरी दाराशी ठाण मांडून बसलेल्या थोरल्या बाई म्हणाल्या. "आमच्या दुकानात असं कापड बेतलं असतं, तर गिऱ्हाइकानं कात्री आमच्यावरच चालवली असती!"

पुस्तक घेऊन बसलेली त्यांची सून खाली मान घालून हसली. बाईंनी तेही टिपले.

स्वतः तिसरीत शाळा सोडलेल्या बाईंनी शिवणाचे दुकान एकटीच्या हिमतीवर उभे केले होते. सुनेची प्रवेशपरीक्षा आठवड्यावर आली होती. मुलगा परगावी नोकरीला, आणि शिकवणारा निवृत्त, एकटा राहणारा, नको तितका गोड बोलणारा. बाईंनी सुनेला बजावले होते, "एक जरी खोट सापडली, तर शिकवणी बंद. परीक्षाही बंद."

"मशीनवर करून बघ गं," त्या म्हणाल्या.

सुनेने कॅल्क्युलेटरवर थीटा म्हणून शून्य पूर्णांक शून्य एक घातले. पडद्यावर आले ०.०१७४५.

"एक कुठाय?"

सरांनी कॅल्क्युलेटर ओढून घेतला, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा केले. तेच उत्तर.

"असं कसं होईल? चाळीस वर्षं मी..."

"चाळीस वर्षं पोरांना फसवलंत म्हणा की!"

सरांनी कॅल्क्युलेटर सुनेपुढे ठेवला. "हल्ली विसरायला होतं," ते हळू म्हणाले. "सूनबाईंना दुसरं कुणी बघा."

बाई सुनेला घेऊन ताठ मानेने जिना उतरल्या.

दुकानात काजे करता करता सून एकाएकी उठली आणि कॅल्क्युलेटर घेऊन आली. "आई, चूक माझी आहे. कोन मोजायची दोन मापं असतात, अंश आणि रेडियन. सरांचं गणित रेडियनचं. मी सकाळी दुसऱ्या उदाहरणासाठी मशीन अंशांवर लावलं, ते तसंच राहिलं. आता बघा."

०.९९९९८.

"कोन आणखी बारीक केला की एकाच्या आणखी जवळ जातं."

बाईंचा हात गळ्यातल्या टेपवर गेला. एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर. एकदा बारा बाह्या टेपच्या उलट्या अंगाने बेतल्या गेल्या होत्या आणि त्यांनी कारागिराला चारचौघांत हाकलले होते. माप कुणी घेतले होते, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितले नव्हते.

"चल," त्या म्हणाल्या. "चपला घाल."

सरांनी दार जरासेच उघडले.

"मशीन उलट्या मापावर होतं," बाई म्हणाल्या. "तुमचं बरोबर होतं."

"नक्की?" सरांनी विचारले. "मला वाटलं, आता हेही गेलं."

सुनेने कॅल्क्युलेटर पुढे केला. त्यांनी दारातच उभे राहून तीनदा बटणे दाबली. तिसऱ्यांदा उत्तर बघून त्यांनी दार पूर्ण उघडले.

बाईंना 'चुकलं' हा शब्द म्हणायचा होता. तो बाहेर काढायची त्यांना सवयच नव्हती.

"उशीर झाला तरी चालेल गं," त्या सुनेला म्हणाल्या. "दुकान मी बघते."

कठडा धरून त्या एकट्याच खाली उतरू लागल्या. वरून सरांचा आवाज सुरू झाला. ऐकायला त्या थांबल्या नाहीत.