सहीला लागलेले दोन दिवस

बायको गेल्यावर सोळाव्या दिवशी मेहुणी दारात येऊन उभी राहिली. चपला काढल्या नाहीत. म्हणाली, आई उद्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंविरुद्ध पोलिसांत तक्रारीचा अर्ज देणार आहे, त्याआधी तिला खरं सांगा, नाहीतर मी सांगते.

खरं एवढंच. बायकोला विषाणूचा ताप आला, तो आठ दिवस उतरला नाही. पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजली, रक्तातल्या पेशी रोज घटत गेल्या, ती ग्लानीत गेली. डॉक्टरीणबाईंनी मला बाकावर बसवून सांगितलं, की विषाणूचं निमित्त झालं, आता हिची प्रतिकारशक्तीच पिसाळून हिच्या रक्तावर उठली आहे. मोठ्या माणसांत असं क्वचितच होतं. ती शक्ती दाबायला स्टेरॉइड द्यावं लागेल, सही करा.

मी केली नाही. मी लेथवर काम करणारा माणूस. बाईच्या अंगात त्राण नाही आणि ह्या उरलीसुरली ताकद काढून घ्यायला निघाल्या, एवढंच मला कळलं. आदल्याच आठवड्यात मी ताकदीची पावडर आणून बायकोला चमच्याने भरवली होती.

मेहुणी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. रिपोर्ट वाचून तिने माझ्यापुढे हात जोडले. मी चारचौघांत म्हणालो, "बाटल्या धुणारीने डॉक्टरकी शिकवू नये."

सही दोन दिवसांनी केली. आणखी तीन दिवसांनी बायको गेली. सासूबाईंना मी सांगितलं, की इस्पितळानेच उशीर केला. त्या रोज माझा डबा पाठवत होत्या आणि डॉक्टरीणबाईंच्या नावाने बोटं मोडत होत्या.

मेहुणीला विचारलं, औषध वेळेवर मिळालं असतं तर वाचली असती, याची हमी देतेस का?

"नाही देत," ती म्हणाली. "पण भाऊजी, तुमचं खापर त्या बाईंच्या डोक्यावर फुटू देणार नाही."

तिचा राग आला. अजून आहे. तरी तिच्याबरोबर सासूबाईंकडे गेलो.

सासूबाई भाजी निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की दोन दिवस मी अडवलं. त्यांचा हात थांबला नाही. जुडी संपल्यावर म्हणाल्या, "सोळा दिवस माझ्या हातचं गिळलंत, जावईबापू."

मग मेहुणीकडे वळल्या. "अर्ज काढ. त्या बाईंचं नाव खोड, यांचं घाल."

मेहुणी पेन शोधायला आत गेली.