कापणाऱ्याने शेवटी घ्यायचं

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. माझं टोक मोडलंय, मूठ सुतळीने बांधलीय. घरातली भांडीकुंडी विकली गेली तेव्हा मला कुत्रंही विचारेना, म्हणून मी राहिले.

पण मला कांद्याला लावायची कोणाची टाप नव्हती. मी फक्त चॉकलेटची! या घरातले बाबा काचेच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होते. भट्टी विझली, पगार थांबला, छातीतला खोकला तेवढा घरी आला. तरी दर रविवारी ते कोपऱ्यावरच्या दुकानातून तुटक्या चॉकलेटचा एक ओबडधोबड खडा आणायचेच. तुटका माल स्वस्त मिळे.

"इथे मी दुधात पाणी घालतेय, आणि तुम्हाला चोचले सुचतात!" आई करवादायची.

"अगं, बाकी काहीच झेपत नाही आपल्याला. हे झेपतं. खा गप."

घराचा नियम होता, कापणाऱ्याने शेवटी घ्यायचं. कापायचे नेहमी बाबाच. आई, थोरली लेक, धाकटी आणि ते, असे चार तुकडे. त्यातला एक ते मुद्दाम बारीक कापत, आणि शेवटी तोच त्यांच्या वाट्याला येई. मला सगळं कळायचं हो! पण सुरी बोलणार काय, कपाळ?

मग बाबांनी अंथरूण धरलं. त्यांचे हात थरथरू लागले, तेव्हा थोरलीने मला उचललं. तिने एक तुकडा चांगला दांडगा कापला, एक अगदी एवढासा. ताटली पुढे येताच बाबांचा हात सवयीने बारक्या तुकड्याकडे गेला. तिने तो हात धरला.

"बाबा, तो माझा. आज मी कापलंय."

बाबांनी दांडगा तुकडा तोंडात टाकला आणि भिंतीकडे तोंड केलं. ते रडत होते.

पुढच्या रविवारी बाबा नव्हते. खडा आईनेच आणला. थोरलीने सवयीने चार तुकडे केले. तिघींनी आपापला उचलला, चौथा ताटलीत राहिला.

"चार कशाला केलेस गं?" आई ओरडली आणि मटकन खाली बसली.

तेव्हापासून मी फळीवर पडून आहे. मला पुसा, गंजू देऊ नका, एवढंच तुमच्याकडे मागणार होते. पण मित्रांनो, ते राहू द्या. तुमच्या घरात शेवटी कोण घेतं, तेवढं बघा. ते माणूस आहे तोवर त्याच्या हातातली सुरी काढून घ्या आणि एकदा तरी तुम्ही कापा.