जागृत अ‍ॅम्प आणि लाल रेघ

शनिवारी सकाळी अकराला वाद्यांच्या त्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आलेल्यांपैकी निम्म्यांना सूर कशाशी खातात हेही ठाऊक नव्हतं. तरी सगळे माना उंचावून उभे. पियानोवर लोकांनी पिशव्या ठेवलेल्या, ड्रमच्या स्टुलावर एक निवृत्त पोस्टमास्तर बूड टेकून बसलेले, आणि मधोमध काचेच्या टेबलावर दोन अ‍ॅम्प. शिवणाच्या डब्याएवढे, काळे, एकाच कंपनीचे. गिटारच्या भोकात अंगठ्याएवढी एक डबी खोचायची की वायरीशिवाय आवाज या अ‍ॅम्पमधून येतो. घरच्या घरी सराव करायला बरी वस्तू.

पण टेबलामागे नादगुरू उभे होते, आणि त्यांच्या हाती वस्तू लागली की ती वस्तू राहत नसे.

"वायर म्हणजे बंधन," नादगुरू म्हणाले. "बंधनात नाद गुदमरतो. म्हणून आपण वायरलेस. पण नुसतं वायरलेस म्हणजे काय? रिकामं घर. घरात कुणीतरी राहायला नको का?"

"हवं ना," पोस्टमास्तर म्हणाले.

दुकानदाराने गिटार घेऊन दोन्ही अ‍ॅम्पवर तोच तुकडा वाजवून दाखवला. आवाज अगदी सारखा. मग गुरूंनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं, उजवीकडच्या अ‍ॅम्पवर तळवा ठेवला आणि पोटातून असा काही हुंकार काढला की शेजारच्या ड्रमची कातडी थरथरली. डोळे उघडल्यावर दुकानदाराने पुन्हा तोच तुकडा वाजवला. डावा होता तसाच, जरा मरगळलेला. उजवा मात्र भरदार, जवळचा, गोल. लोकांच्या तोंडून "अहाहा" निघालं.

गर्दीत दोन बहिणी होत्या. थोरली ताई, वजनमापं खात्यातून निवृत्त झालेली. तीस वर्षं तिने बाजारातले तराजू तपासले, खोटी वजनं जप्त केली, आणि बाजाराने तिला प्रेमाने आणि दातओठ खाऊन 'शिक्काबाई' म्हटलं. असल्या बुवांची तिला मनापासून चीड. पण त्या दिवशी तिची पंचाईत झाली, कारण फरक तिलाही ऐकू आला.

धाकटी बुकबाइंडर. पुठ्ठा कापायच्या यंत्रात तिच्या डाव्या हाताची दोन बोटं सापडली होती. डॉक्टरांनी ती वाचवली, पण वाकेनात. व्यायाम घेणाऱ्या फिजिओबाईंना कळलं की तरुणपणी ही छापखान्याच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तेच औषध. इलेक्ट्रिक गिटार घ्या, तिच्या तारा दाबायला हलक्या असतात. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. दुखेल. दुखलं तरी दाबायचं."

गिटार जुन्या मैत्रिणीकडून मिळाली. राहिला अ‍ॅम्प. ताईने कागदावर टाचण केलं होतं: वजनाला हलका हवा, बॅटरी निदान चार तास चालावी, आणि हेडफोनची सोय हवीच, कारण खालच्या मजल्यावर रात्रपाळीची नर्स राहते आणि ती दिवसा झोपते. एवढं बघून वस्तू घ्यायची आणि घरी यायचं, असा साधा बेत. तो शनिवार आहे आणि शनिवारी तिथे दरबार भरतो, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

नादगुरूंनी धाकटीची बोटं बघितली आणि डोळ्यांत पाणी आणलं. पाणी आणण्यात त्यांचा हातखंडा होता. "या बोटांना अजून किती छळणार, बाई? दुखवून कुणी बरं होतं का? जागृत अ‍ॅम्प घरी न्या. डावा हात त्यावर ठेवा, उजव्याने तारा नुसत्या छेडा. रोज एक तास. बोटं आपणहून उमलतील. मात्र आवाजाचं बटण हलवायचं नाही, शक्ती सांडते. आणि हेडफोन लावायचे नाहीत. कानात कोंबलं की नाद गुदमरतो."

नादगुरूंचा नाद फार नाजूक प्रकृतीचा होता, कशानेही गुदमरायचा. पण धाकटीने जागृत अ‍ॅम्प छातीशी धरून घरी आणला. 'दुखवून कुणी बरं होतं का' हे एक वाक्य तिला पुरलं.

महिन्याने फिजिओबाईंनी बोटाला कोनमापक लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "मागच्या वेळी मधलं बोट पन्नास अंश वाकत होतं. आज एक्केचाळीस. काय करताय काय घरी?"

मग ताईनेच सगळं सांगितलं.

"हे बघा," फिजिओबाई म्हणाल्या, "आणखी महिनाभर असंच चाललं तर सांधा धरून बसेल. मग मी काही करू शकणार नाही, आणि ऑपरेशन करणारेही नाही."

परत येताना बसमध्ये दोघींची जुंपली.

"आकडा खोटं बोलतो का गं?" ताई म्हणाली.

"कधी बोट आखडलेलं असतं, कधी मोकळं. हात ठेवला की कसा गरम होतो ते तुला काय माहीत?" धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आणि फरक तुलाही ऐकू आला होता. खरं सांग, आला होता की नाही?"

"आला होता," ताई म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नसे, आणि त्याचा आयुष्यभर तोटाच झाला होता.

"मग झालं तर."

ताईला स्वतःचाच संताप आला. बहिणीची दोन बोटं हातची चालली होती, आणि आपल्याच कानांनी त्या बुवाच्या बाजूने साक्ष दिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी तिची तासाची बैठक घालून बसली असताना दार वाजलं. खालची नर्स, केस विस्कटलेले, डोळे लाल.

"ताई, रागावू नका," ती म्हणाली. "महिनाभर सोसलं. यंत्र आणलंत तेव्हा शेजारच्या खोलीत कुणी गुणगुणावं एवढाच आवाज येईल म्हणाला होतात. हे तर माझ्या उशीतच वाजतंय. तुमचं ते जागृत यंत्र जरा जास्तच जागं आहे. थोडं हळू ठेवा ना."

नर्स गेली आणि ताई दारातच उभी राहिली. जास्त जागं म्हणजे काय, तर मोठं. नर्सला भरदार, गोल वगैरे काही ऐकू आलं नव्हतं, तिला झोप हवी होती, म्हणून तिने सरळ नाव घेतलं.

मग ताईला बाजार आठवला. तराजूत काटा मारणारा दुकानदार गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत कधीच धूळ फेकत नाही. पारडं खरंच खाली जातं, गिऱ्हाइकाला दिसतं ते खरंच असतं. पारड्याखालून दोरा कुणी ओढला, एवढाच प्रश्न असतो. आपण महिनाभर स्वतःच्या कानांना शिव्या देत बसलो. कानांनी चोख काम केलं होतं, चौकशी करायची होती तळव्याखाली काय चाललंय त्याची.

"तुझं नेलपॉलिश कुठाय?" तिने धाकटीला विचारलं.

"या वयात?"

"तू दे तर."

शनिवारी ताई धाकटीला ओढतच घेऊन गेली, आणि तेही दहालाच. दुकानदार खुर्च्या मांडत होता. "माझ्यासाठीही एक घ्यायचा विचार आहे, नीट बघते," असं म्हणून ताई टेबलाशी गेली. दोन्ही अ‍ॅम्पची माथ्यावरची आवाजाची बटणं तिने तंतोतंत निम्म्यावर आणली आणि प्रत्येक बटणापासून खालच्या पट्टीपर्यंत नेलपॉलिशची केसाएवढी रेघ ओढली. तराजूच्या स्क्रूवर ती असाच शिक्का मारत असे. कुणी स्क्रू फिरवला तर शिक्का तुटतो, भांडायची गरज पडत नाही.

अकराला दरबार भरला. तोच तुकडा, तोच रिकाम्या घराचा दाखला. दोन्ही अ‍ॅम्प सारखे वाजले. डोळे मिटले गेले, तळवा पडला, हुंकार निघाला. डोळे उघडले आणि उजव्या अ‍ॅम्पमधून तोच भरदार आवाज आला. पोस्टमास्तर पुटपुटले, "माझ्या कानात सतत वाजणारी घंटा थांबली बघा."

ताई उठली. खात्यातला जुना आवाज तिने अजून सांभाळून ठेवला होता. "कुणी टेबलाला हात लावू नका. आधी सगळ्यांनी ही बटणं बघा."

लोक वाकले. डाव्या अ‍ॅम्पची लाल रेघ सरळ होती. उजव्याची मोडली होती. बटणावरचा तुकडा बोटाच्या पेरभर उजवीकडे सरकला होता, पट्टीवरचा जागच्या जागी.

"दहा वाजता मी दोन्हींवर रेघ ओढली होती," ताई म्हणाली. "तुम्ही डोळे मिटलेत तेव्हा गुरुजींच्या तळव्याखाली अंगठा काम करत होता. आवाज वाढवला, बस. दुसरं काही नाही."

नादगुरू मंद हसले. "बाई, शक्ती उसळली की यंत्र आपोआप फिरतं."

"दर शनिवारी उजवीकडेच फिरतं? कधी डावीकडे नाही उसळली ती?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. दरबाराला गळती लागते ती पहिल्या हसण्यापासून.

"पण बाई, तो आवाज नुसता मोठा नव्हता," पोस्टमास्तर म्हणाले. "चांगला होता. मी पैज लावतो."

"मलाही चांगलाच वाटला होता, काका. आवाज कळेल न कळेल इतका वाढला की कान त्याला मोठा म्हणत नाही, चांगला म्हणतो. कानाचा स्वभावच आहे तो. आता तराजूची बदलतात तशी आपण पारडी बदलून पाहू. सगळ्यांनी पाठ फिरवा."

लोकांनी पाठ फिरवली. ताईने उजवं बटण परत रेघेवर आणलं आणि दुकानदाराला वाजवायला लावलं. त्याला नाही म्हणता आलं नाही, सगळं गिऱ्हाईक तिथेच उभं होतं. आधी कुठला वाजला, नंतर कुठला, कुणालाच सांगता येईना. मग तिने डाव्या, ज्याला गुरूंचा हातही लागला नव्हता, त्या अ‍ॅम्पचं बटण पेरभर पुढे सारलं.

"हा जागृत," पोस्टमास्तर पाठमोरेच म्हणाले. "शंकाच नको. हा उजवाच."

"वळा आता."

वळून बघताच पोस्टमास्तर खाली बसले. "घंटा थांबली नव्हती," ते हळूच म्हणाले. "कधीच नाही थांबली. सगळे अहाहा म्हणायचे, म्हणून मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय."

ताईने गुरूंना सांगितलं, हात दोन वीत लांब ठेवून एक अ‍ॅम्प जागा करून दाखवा, मी सगळ्यांसमोर पाया पडेन. नादगुरूंनी घड्याळ बघितलं. आजचा मुहूर्त टळला होता म्हणे. ते मागच्या दाराने गेले, आणि गेले ते वायरलेसच गेले, मागे काही धागादोरा ठेवला नाही. दुकानदार "मला काय कल्पना" असं म्हणत मघाची गिटार उगाचच पुसत राहिला.

एवढा वेळ धाकटी भिंतीशी उभी होती. आता तिने विचारलं, "मग माझा हात गरम व्हायचा तो?"

"तासभर चालू ठेवलेलं यंत्र गरम होतं गं. त्यावर ठेवलेला हातही होतो. बोट वाकायला ते पुरत नाही."

धाकटीने डावा हात पदराखाली घेतला. घरचा जिना चढताना मध्येच थांबून ती म्हणाली, "ताई, मला ना, आतून माहीत होतं. त्या कोनमापकाच्या आधीपासून. पण ते म्हणाले दुखवायचं नाही, आणि मला इतकं बरं वाटलं. रोज रडू येतं गं त्या व्यायामाने."

ताईला तेव्हा पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. आपण बुवाला पकडलं, पण बहीण त्याच्याकडे का गेली हे एकदाही विचारलं नाही. "मी बसत जाईन तुझ्याजवळ," ती म्हणाली. "तू रड, मी घड्याळ बघते."

चमत्कार करणाऱ्याला फार अक्कल लागत नाही. आपल्याला कुठे दुखतं तेवढं त्याला कळावं लागतं, आणि आपण डोळे मिटावे लागतात. म्हणून कुणी डोळे मिटायला सांगितलं की एक उघडा ठेवावा. फरक जाणवला तर तो कुणी आणि कसा पाडला ते विचारावं, पारडी बदलून पाहावी, आणि माप घ्यावं. यात देवाचा अपमान होत नाही, कुणाचाच होत नाही. झालाच तर ज्याचा अंगठा पारड्यावर आहे त्याचा होतो.

अ‍ॅम्प तोच ठेवला. वस्तू म्हणून तो चांगला होता, हलका, बॅटरी पाच तास चालायची, हेडफोनची सोयही होती. आता धाकटी सकाळ-संध्याकाळ हेडफोन लावून बसते. ताईला तारांची बारीक टकटक तेवढी ऐकू येते आणि मधूनमधून नाक ओढल्याचा आवाज. खालची नर्स झोपलेली असते.

पंधरा दिवसांनी फिजिओबाईंनी पुन्हा कोनमापक लावला. त्रेचाळीस अंश. दोनच अंश वाढले होते, पण दोन्ही धाकटीने स्वतः कमावलेले होते.