न लावलेला कौल

नव्याण्णव साल. पित्ताचा खडा अडकून हंबीररावांचं स्वादुपिंड सुजलं, त्याला पंधरा दिवस झाले होते. कोल्हापुरातल्या दवाखान्यात ते पडून होते. नाकात नळी, अंगात ताप. स्वादुपिंडाचा निम्मा भाग मेलाय, भोवती पाणी साचलंय, असं सोमेश डॉक्टर सांगत, आणि तरी पोट उघडायला तयार नव्हते.

"मावशी, जितं न् मेलं आत्ता एकात एक मिसळलंय," ते हंबीररावांच्या बायकोला, अंबूबाईंना म्हणाले. "चाकू लावला तर रक्त थांबायचं नाही. गळू पिकल्याबिगर फोडतो का आपण? अजून बारा-पंधरा दिवस थांबायचं."

अंबूबाईंना पटलं. धाकटा दीर कृष्णात मात्र हट्टाला पेटला. काजूची फांदी छाटली की झाड सुधारतं, एवढीच त्याची वैद्यकी. "दुसऱ्या दवाखान्यात उद्याच फाडतो म्हंत्यात, वैनी. हितं काय मरायची वाट बघायची? न्हेऊया की." शेवटी घरच्या रिवाजानं तोड निघाली. गावदेवीला कौल लावायचा. उजवी पाकळी पडली तर हलवायचं, डावी पडली तर थांबायचं. आणि जिचं कुंकू, तिनंच विचारायचं.

अंबूबाई एसटीनं आजऱ्याकडं गावी गेल्या. गुरवानं मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. "सांग बाई, काय इचारू?"

अंबूबाईंचा देवीवर विश्वास होता, म्हणूनच भीती वाटली. उजवी पडली असती तर तो शब्द मोडायची त्यांची छाती नव्हती. "ऱ्हाऊ दे बाबा," म्हणून त्या ओटी ठेवून उठल्या. परत येऊन दिराला सांगितलं, "डावी पडली."

पुढचे दिवस कसे काढले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. एकदा ताप एकशे चारवर गेला, तेव्हा आपणच नवऱ्याच्या मानेवर सुरी ठेवली असं त्यांना वाटलं. बोलायचं तरी कुणापाशी? अठ्ठाविसाव्या दिवशी स्कॅनमध्ये पुवाभोवती जाड साल धरलेली दिसली, आणि मग डॉक्टरांनी पोट उघडलं. मेलेला भाग अलगद सुटून आला. पू मात्र नळ्यांतून महिनाभर वाहत राहिला.

हंबीरराव निम्मे होऊन घरी आले. भेटायला आलेल्यांनी घराचा पुढचा सोपा भरला. "देवीनं डावी दिली म्हनून हितं बसलोय," ते सगळ्यांना सांगत होते. कृष्णातही मान हलवत होता.

चहा देता देता अंबूबाई थांबल्या. "कौल मी लावलाच न्हाई."

हंबीरराव बायकोकडं बघत राहिले.

"आन मी मेलो असतो तर?"

"तर तुमास्नी मीच मारलं, असं म्हनत जगलो असतो."

कृष्णात काहीतरी बोलायला उठला. हंबीररावांनी त्याला हातानं खाली बसवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा, चारचौघांत, आपल्या शेजारची जागा बायकोसाठी मोकळी केली.