आंबिलाचं बिंदगं

ते साल दोन हजार चोवीस. श्रावण लागला होता आणि तारामतीबाईंचे गुडघे असे धरले होते, की विष्णुपुरीतल्या घराच्या चार पायऱ्या उतरायलाही त्यांना सून दीपमालेचा खांदा लागायचा. अशात औशाकडच्या गावाहून धाकट्या दिराचा, साहेबरावांचा फोन आला.

"वहिनी, अवंदा येळवशीला तुमी गाडीत बसून शेतात या. बिंदगं महामाया घेईल."

तारामतीबाई ताठ बसल्या. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवशीला, ताकाच्या आंबिलाचं बिंदगं, म्हणजे लहान घागर, थोरल्या सुनेनं डोक्यावर घेऊन चालत शेतात न्यायचं, मग सगळ्यांनी तिथंच जेवायचं, ही त्यांच्या घरची रीत. सासूनं दिलेलं ते बिंदगं त्यांनी त्रेचाळीस वर्षं वाहिलं होतं. आणि एकदा धाकट्या जावेच्या, महामायेच्या डोक्यावर गेलं, की ते परत येत नसतं.

"भावजी, मी अजून जित्ती हाय. चालत येणार. बिंदगं माझंच!"

"लई बोलून राहिल्या. मधी ओढा हाय, ध्यानात हाय ना?"

"तुमी चड्डीत फिरत होता तवापासून ध्यानात हाय."

फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी त्या दीपमालेला घेऊन फिजिओथेरपी करणाऱ्या वैष्णवीकडे गेल्या. पोरगी नातीच्या वयाची. तिनं सांगितलं, "आजी, खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करायचा आणि दहा मोजेपर्यंत धरायचा. सकाळी सपाट रस्त्यावर हळूहळू चालायचं. आणि वजन उतरवायचं. खाणं बेतात."

बेतात म्हणजे उपास, असं तारामतीबाईंनी ठरवून टाकलं. श्रावणी सोमवार आणि शनिवार होतेच, त्यांत मंगळवार आणि गुरुवारही घातले. महिन्यानं काट्यावर उभ्या राहिल्या, तर वजन दोन किलो वर!

"उपासाला काय खाता?" वैष्णवीनं विचारलं.

"काही नाही गं. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस. तूप एकच चमचा."

"वाढायचा चमचा," दीपमाला मागून म्हणाली.

"आजी, हे उपास आहेत का बारसं?" वैष्णवी खो खो हसली. तारामतीबाई आधी फुगल्या, मग त्यांनाही हसू आवरेना. वैष्णवीनं पुढं विचारलं, "शेतात राबत होता तेव्हा काय खायचात?"

"ज्वारीची भाकरी, वरण, मेथी नाहीतर घोळाची भाजी, ताक. जवसाची चटणी."

"मग तेच खा. उपास एक सोमवारचा पुरे."

त्या दिवसापासून घरात चैतन्य आलं. पहिल्या आठवड्यात चालणं विजेच्या खांबापर्यंत, दसऱ्याला इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकापर्यंत, आणि दिवाळीत फाटकापर्यंत जाऊन न थांबता परत! मग त्या पाण्यानं अर्धी भरलेली कळशी डोक्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारू लागल्या. शेजारचे शरदचंद्र कुंपणावरून ओरडले, "वहिनी, नळ गेला का?"

"नळ आहे. सराव चाललाय!"

येळवशीचा दिवस उजाडला. तारामतीबाई आदल्या दिवशीच गावी आल्या होत्या. हरभरा घाट्यांवर आलेला, ज्वारी छातीएवढी. तारामतीबाईंनी चुंबळ ठेवली, बिंदगं डोक्यावर घेतलं आणि निघाल्या. मागं बायका, त्यांच्या मागं मुद्दाम हळू चालवलेली साहेबरावांची जीप. ओढ्याचा उतार आला आणि उजव्या गुडघ्यात कळ उठली.

"बसा आता गाडीत!" साहेबराव जीपमधून ओरडले.

महामायेनं हात पुढं केले. "अक्का, आना इकडं."

तारामतीबाई दगडावर टेकल्या. बिंदगं मात्र त्यांनी मांडीवर घट्ट धरलं. उजवा पाय सरळ केला. "एक, दोन, तीन..." बायका फिदीफिदी हसल्या आणि मग सगळ्याच मोठ्यानं मोजू लागल्या. दोन्ही पाय दहा-दहा वेळा झाले. कळ ओसरली. तारामतीबाई उठल्या, त्यांनी बिंदगं पुन्हा डोक्यावर घेतलं, दगडांवर पाऊल जपून टाकत ओढा ओलांडला आणि शेतात पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढं बिंदगं उतरवलं. थेंबही सांडला नव्हता!

"हरलो वहिनी," साहेबराव म्हणाले.

"हरायचं मागून. आधी आंबील प्या."

पुढं साहेबरावांनी शेतात जायला जीप काढणं सोडलं. वैष्णवीनं मुदखेडला स्वतःचा दवाखाना काढला. दीपमालेनं साबुदाण्याचा डबा माळ्यावर टाकला आणि ती सासूबरोबर फाटकापर्यंत जाऊ लागली. पुढच्या येळवशीला तारामतीबाईंनी बिंदगं ओढ्यापर्यंत नेलं आणि तिथं स्वतःच्या हातांनी महामायेच्या डोक्यावर ठेवलं. महामाया मात्र जागची हलेना. "थांबा अक्का," ती म्हणाली आणि बिंदगं मांडीवर घेऊन, त्याच दगडावर बसून तिनं आधी पाय सरळ केला.